अपुऱ्या दिवसांचं बाळ

सातव्या महिन्यातच झालेलं किलो-सव्वा किलोचं बाळ पाहून घरची जुनी माणसं म्हणतात, 'मध चाटवा, गाईचं दूध पाजा.' असं मुळीच करू नका. ३४ व्या आठवड्यापर्यंत त्याला चोखणं, गिळणं नि श्वास घेणं एकत्र साधत नाही; म्हणून इस्पितळात नळीनं थेंब थेंब आईचंच दूध देतात. त्यानं आतडी सडण्याच्या आजाराचा धोका घटतो. आईला दूध येईना तर? मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी काढली, ती याचसाठी. पहिल्या दिवसांत वजन उतरतं. पुढं किलोमागं रोज १५-२० ग्रॅम वाढावं. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांचा खास कक्ष आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून पांघरूण घालून तिथं न्या.