आरशावरचा शिंजीर

2025 च्या दिवाळीनंतर एक चित्रफीत घराघरांतल्या फोनवर फिरली. रात्रीचा रस्ता, तर्र झालेला एक माणूस आणि समोर वाघ. माणूस वाघाच्या डोक्यावरून हात फिरवतो, बाटली त्याच्या तोंडाशी नेतो आणि वाघ मुकाट उभा राहतो. पेंचमधली घटना म्हणून ती पसरली. नात्यातल्या चार शहाण्यासुरत्या माणसांनी ती मला पाठवली, खाली ‘खास तुझ्यासाठी’ असं लिहून. पेंचला असं काही घडलंच नव्हतं. अख्खी फीत कृत्रिम बुद्धिमत्तेनं रचलेली होती. त्याच सुमारास ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर वाघ माणसावर झडप घालतो अशी, सीसीटीव्हीतून घेतल्यासारखी दिसणारी फीत आली. तीही बनावट. पुण्याच्या उपनगरात खरा बिबट्या दिसला, तर त्याच्यामागून खोट्या बिबट्यांची रांगच लागली.

‘खास तुझ्यासाठी’ हे शब्द मला लागले. एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत मी बरीच वर्षं वाचकांनी काढलेल्या प्राण्या-पक्ष्यांच्या गमतीदार छायाचित्रांचं सदर सांभाळलं. माझ्या माणसांना ती छायाचित्रं आणि ही फीत एकाच जातीची वाटावी, याचं मला वाईट वाटलं. ती एका जातीची नाहीत. गमतीदार प्राणिचित्र हसवतं, कारण ते घडलेलं असतं. त्या प्राण्याला आपल्या हसण्याशी काही देणंघेणं नसतं, तो त्याच्या पोटाच्या, पिल्लांच्या, हद्दीच्या कामात असतो आणि तेवढ्यात कुणीतरी तिथे कॅमेरा घेऊन हजर असतं. यातलं घडणं काढून घेतलं, तर जे उरतं त्याला हसायचं कशाला, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

फिल्मच्या काळाबद्दल मी फार लिहिणार नाही. रोलमध्ये छत्तीस फ्रेम असायच्या, त्यातली एकेक फ्रेम लोक वाघासाठी राखून ठेवत आणि कावळ्यावर कुणी खर्च करत नसे. त्या वर्षांतली वन्यजीव छायाचित्रं मला आजही सगळी सारखी वाटतात. वाघ पाण्यात, वाघ गवतात, हत्ती धुळीत, सगळे गंभीर. शहरांतल्या छायाचित्र-प्रदर्शनांचे परीक्षक त्या गंभीरपणाचे राखणदार होते. एका ज्येष्ठ परीक्षकांनी माझ्यासमोर एका मुलीचं चित्र बाजूला सारलं होतं. म्हशीच्या पाठीवर ऐटीत बसलेला कोतवाल आणि तिच्या शिंगावर दुसरा, पहिल्याकडे पाठ फिरवून बसलेला. ‘हे हसण्यावारी न्यायचं चित्र आहे, कला नाही,’ असं ते म्हणाले. म्हशीच्या खुरांनी उडालेले किडे टिपण्यासाठी कोतवाल तिच्यावर स्वार होतो आणि दोन कोतवालांना एक म्हैस पुरत नाही, एवढं सगळं त्या एका चित्रात होतं. त्या परीक्षकांचा निर्णय चुकला होता, हे मी तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणते.

बदल झाला तो 2010 नंतर. डिजिटल कॅमेरे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले, फ्रेम फुकट झाली आणि लोकांनी कॅमेरा पहिल्यांदा खिडकीबाहेर वळवला. पुढे 2015 मध्ये निकॉनचा पी 900 आला. त्र्याऐंशी पट झूम, भिंग बदलायची भानगड नाही. बँकेतून, शाळेतून, एसटीतून निवृत्त झालेली माणसं तो गळ्यात अडकवून सकाळी बाहेर पडू लागली. माझ्या टपालपेटीत जे येऊ लागलं, त्याला मी त्या दशकाचं वैभव म्हणते.

गाडीच्या आरशावर चोच आपटणारा जांभळा शिंजीर दर उन्हाळ्यात यायचा, गावोगावहून. विणीच्या दिवसांत नराला आरशातला पक्षी प्रतिस्पर्धी वाटतो, तो त्याच्याशी भांडतो, थकतो, फांदीवर जाऊन दम खातो आणि पुन्हा येतो. मिरजेच्या एका वाचकानं आरशाला मोजा घातला. पुढचं छायाचित्र आलं ते मोज्यावर बसून दुसऱ्या बाजूच्या आरशाकडे बघणाऱ्या त्याच शिंजिराचं. गच्चीवर वाळवण घालायला आलेल्या आजींना पंख पसरून अडवणारी टिटवी आली. टिटवी उघड्या खडीवर अंडी घालते आणि शहरात मोकळी जमीन उरली नाही, तर गच्ची धरते. त्या आजींनी महिनाभर पापड शेजारच्या गच्चीवर घातले. पोटाची पिसं भिजवून येऊन अंड्यांवर बसणारी टिटवीही त्याच घरातून नंतर आली, भर दुपारच्या उन्हातली. पिंगळ्याची तर किती यायची! मान डावीकडे, मान उजवीकडे, मान खाली. पिंगळ्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून अंतराचा अंदाज घ्यायला त्याला सगळं डोकं हलवावं लागतं. पाहणाऱ्याला तो हुज्जत घालतोय असं वाटतं. पत्रात लोक हेही लिहायचे की त्यांच्या घरातलं कोण त्या पिंगळ्यासारखं दिसतं. आम्ही ते छापायचो.

हे सगळं इथे चाललेलं असताना टांझानियात राहणाऱ्या पॉल जॉयन्सन-हिक्स आणि टॉम सुलम या दोन छायाचित्रकारांनी 2015 मध्ये विनोदी वन्यजीव छायाचित्रांची जागतिक स्पर्धा सुरू केली. प्राण्यांवर हसता हसता माणसं त्यांच्या रक्षणाकडे वळावीत, हा त्यांचा हेतू. पहिल्या वर्षी ऑस्ट्रियाच्या ज्युलियन राडचा हॅम्स्टर जिंकला, तोंडात मावेना इतका गवताचा भारा घेऊन धावणारा. 2016 ला यलोस्टोनमधला कोल्हा, बर्फात डोकं खुपसून उलटा उभा. बर्फाखालच्या उंदराचा आवाज ऐकून तो सूर मारतो, म्हणून ही तऱ्हा. 2017 चं मला सगळ्यांत प्रिय. हंगेरीच्या टिबोर कर्चनं टिपलेली पिंगळ्याच्या जातीची पिल्लं, फांदीवर ओळीनं बसलेली, शेवटचं घसरतंय आणि पंख मारत वर यायला धडपडतंय. आपल्या पिंगळ्याच्या सख्ख्या चुलत घराण्यातली ती. त्या आठवड्यात मी आमच्या वाचकांची पिंगळ्यांची चित्रं त्याच्याशेजारी छापली, आणि मला ती कुठेही कमी वाटली नाहीत. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लेडी एलियट बेटाजवळचं कासव आलं, पंजाच्या एका फटकाऱ्यात छायाचित्रकाराला शिवी दिल्यासारखं दिसणारं. 2022 मध्ये सेरेंगेटीतला झाडावरून निसटलेला तीन महिन्यांचा सिंहाचा छावा.

रोजच्या जागेत प्राणी भेटण्याची जी गंमत आहे, ती मात्र एका दुसऱ्या चित्रात जास्त आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावर सांडलेल्या तुकड्यासाठी मागच्या पायांवर उभे राहून भांडणारे दोन उंदीर. सॅम रोली यांनी त्यासाठी आठवडाभर फलाटावर आडवं पडून वाट पाहिली आणि भांडण टिकलं निमिषभर. 2020 च्या फेब्रुवारीत लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत लोकांनी त्याला पसंतीचा कौल दिला. कल्याण-दादरच्या फलाटांवर घुशी पाहत वाढलेल्या आपल्या माणसांना ते चित्र कुणी समजावून सांगायला नको होतं.

आणि 2016 चं नयन खानोलकर यांचं चित्र. आरे कॉलनीच्या परिसरातली बोळातली वाट, पिवळा दिवा, भिंती आणि त्यातून आपल्या कामाला निघालेला बिबट्या. चार महिने थांबल्यावर ते मिळालं आणि त्याच म्युझियमच्या स्पर्धेत शहरी विभागात पहिलं आलं. ते विनोदी नाही, पण त्यात एक मोठा मोकळेपणा आहे. बिबट्या तिथे घरच्यासारखा चालतो. त्याआधी विद्या अत्रेय यांनी अकोल्याच्या ऊसपट्ट्यात दाखवून दिलं होतं की दर शंभर चौरस किलोमीटरमध्ये पाचेक बिबटे माणसांच्या अंगणाशेजारी वावरतात आणि बहुतेकांना कळतही नाही. हे अकोले अहिल्यानगरचं, विदर्भातलं नव्हे. 2015 मध्ये निकित सुर्वे यांनी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आसपास 35 बिबट्यांचा अंदाज मांडला. अशा अभ्यासांमुळे आणि अशा चित्रांमुळे मुंबईतल्या माणसाची बिबट्याकडे पाहायची नजर बदलत गेली. 2019 च्या फेब्रुवारीत ठाण्याच्या कोरम मॉलच्या कॅमेऱ्यात पहाटे बिबट्या दिसला, तेव्हा लोकांनी धास्तावून आधी दारं लावली आणि मग सेलमध्ये काय घ्यायला आला होता, अशी चेष्टा केली. त्याला जवळच्या हॉटेलच्या तळघरातून सुखरूप पकडलं. ती चेष्टा मला चांगली वाटली. तिच्यात शेजाऱ्याबद्दलची ओळख होती.

खोटेपणा तेव्हाही होता, हे मी लपवणार नाही. 2009 च्या त्याच लंडनच्या स्पर्धेतला कुंपणावरून झेप घेणारा लांडगा 2010 मध्ये बाद झाला, कारण तो शिकवलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं. इंडोनेशियातून पानाची छत्री धरलेले, किड्यावर स्वार झालेले बेडूक जगभर गेले आणि ते बेडूक हाताळून, बांधून उभे केलेले आहेत असा आक्षेप जाणकारांनी घेतला. आमच्या पुरवणीनंही ते बेडूक छापावेत असा वरून आग्रह झाला. मी विरोध केला, माझं ऐकलं नाही. लाजवंतीच्या गुदगुल्यांची फीत तर कोट्यवधींनी पाहिली. हात वर करून डोळे मिटणारं ते माकडासारखं जनावर सुखावलेलं नसतं, घाबरलेलं असतं. कोपराच्या आतल्या ग्रंथीतला स्राव लाळेत मिसळून विषारी चावा घेता यावा, म्हणून ते हात वर करतं. माथेरानला दात विचकणाऱ्या माकडाचा ‘हसणारं माकड’ म्हणून फोटो काढणाऱ्यांना मी हे तोंडावर सांगते. आपल्याकडचं माकड दात दाखवतं ते दबून, भिऊन. 2011 च्या सुलावेसीतल्या त्या प्रसिद्ध माकडाचा, ज्याच्या स्वतः काढलेल्या फोटोवरून 2018 पर्यंत अमेरिकेत खटला चालला, मासला निराळा. त्या जातीत दात दाखवणं मैत्रीचं असतं. खटल्याचा मला कंटाळा आला होता, पण एवढी गोष्ट त्यातून लोकांना कळली असती, तर बरं झालं असतं.

तरीही त्या फसवणुकीला जिवंत प्राणी लागत होता, माणूस लागत होता, म्हणून ती पकडता येत होती. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तसे व्हेनिसच्या कालव्यातले डॉल्फिन आणि युन्नानमध्ये मका-दारू पिऊन झोपलेले हत्ती फोनवर आले. दोन्ही खोटे. मला त्याच वेळी जाणवलं की लोकांना आता घटना नको होती, दिलासा हवा होता.

त्याच वर्षीच्या 9 डिसेंबरला कोथरूडमध्ये गवा आला. सकाळी पुण्यात सगळे हसत होते. गवा फिरायला आला, गव्याला फ्लॅट हवा, असं सगळं मलाही येत होतं. दरम्यान तो प्राणी गल्लीबोळांतून धावत होता, भिंतींवर आदळत होता आणि त्याच्यामागे फोन धरलेली गर्दी होती. त्याला बेशुद्ध करून पकडलं आणि तो गेला. सकाळची चेष्टा आणि संध्याकाळची हळहळ त्याच माणसांची होती. माझ्या लेखी ते दशक त्या दिवशी संपलं. सदरही पुढे बंद झालं. पुरवणीची पानं कमी करायची होती, असं कारण मला सांगण्यात आलं. कोऱ्या जागी जाहिरात आली.

2025 ला त्या विनोदी स्पर्धेला दहा वर्षं झाली. त्या वर्षीचा विजेता रवांडातला तरुण गोरिला, एक पाय उंच फेकून नाचल्यासारखा. चित्र मार्क मेथ-कोन यांचं. मी ते एका ओळखीच्या ग्रुपवर टाकलं. पहिला प्रतिसाद आला, ‘एआय आहे का?’ दुसरा आला, ‘आजकाल काय खरं धरायचं.’ गोरिलाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. पेंचच्या खोट्या वाघावर हसलेली हीच माणसं रवांडाच्या खऱ्या गोरिलाकडे संशयानं बघत होती.

खोट्या बिबट्याचा त्रास नुसता संशयापाशी थांबत नाही. वनरक्षकाला रात्री फोन येतो, अमुक सोसायटीत बिबट्या, हा बघा फोटो. तो आणि त्याचे साथी काठ्या-बॅटऱ्या घेऊन निघतात, पहाटेपर्यंत ओलं गवत तुडवतात, पंजाचा ठसा नाही, विष्ठा नाही. तेवढा वेळ जुन्नर-शिरूरच्या उसात खरा बिबट्या आणि खरं लहान मूल एकमेकांच्या वाटेवर असू शकतात. असे फोटो ज्यांनी गंमत म्हणून बनवले, त्यांच्यावर गुन्हे दाखल व्हावेत, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि पुढे पाठवणाऱ्यांनाही नुसतं ‘मला काय माहीत’ म्हणून सोडू नये.

परवा माझ्या जुन्या वाचकांपैकी एका गृहस्थांनी चित्र पाठवलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर उभं मुंगूस, पुढचे दोन पाय हँडलवर, आणि खाली भुंकायचं विसरलेलं कुत्रं. त्यांनी ते आधी त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथे त्यांना खोटारडे ठरवलं गेलं. मग त्यांनी कॅमेऱ्यातली मूळ फाइल आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या सगळ्या फ्रेम टाकल्या, वेळेसकट. मुंगूस सीटवर चढताना, घसरताना, पुन्हा चढताना, कुत्रं येताना. मी त्या सगळ्या मोठ्या करून पाहिल्या आणि मोठ्यानं हसले. ग्रुपवर त्या कुणी उघडल्या नाहीत, असं ते सांगत होते. पुढचा फोटो त्यांनी तिथे टाकायचा नाही, असं ठरवलंय.