दोन खेचरांचे विद्यापीठ

सन १९०६ च्या मे महिन्याच्या २४ तारखेस अमेरिकेतील अलाबामा राज्यात, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या टस्कीगी शिक्षणसंस्थेच्या आवारातून दोन खेचरे जोडलेली एक गाडी बाहेर पडली. तिच्यात नांगर होता, कुळव होता, दुधाचा कस पाहण्याचे उपकरण होते, लोणी काढण्याचे यंत्र होते आणि बियाणे होते. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी तिच्यासाठी द्रव्य दिले, म्हणून तिचे नाव जेसप गाडी पडले. खर्च आला ५६७ डॉलर, आणि बांधणी केली ती संस्थेच्याच विद्यार्थ्यांनी.

टस्कीगी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. वीणा गवाणकर यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक होता कार्व्हर’ने ते घरोघर पोहोचविले. परंतु त्या चरित्राच्या मोहिनीत संस्थेतला हा कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर एवढा मोठा दिसू लागतो की त्याने आखणी करून दिलेली ही गाडी सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. आणि मला तर असे वाटते की, विद्यापीठाने आपल्या भोवतालच्या दरिद्री प्रजेच्या संसाराला हात कसा द्यावा याचे मर्म त्याच्या नावावरच्या भुईमुगाच्या शेकडो उपयोगांपेक्षा या गाडीतच अधिक आहे.

ही गाडी ज्यांच्या दारी जाणार होती त्यांची स्थिती आधी पाहू. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण मुक्त झालेल्या कृष्णवर्णी माणसाच्या पदरी जमीन पडली नाही. तो वाटेकरी झाला. पिकाचा एक हिस्सा जमीनमालकाचा, आणि उरलेला हिस्सा पेरणीपूर्वीच दुकानदाराकडे गहाण, कारण वर्षभराचे मक्याचे पीठ आणि डुकराचे खारवलेले मांस त्याच्याच दुकानातून उधारीवर आणावयाचे. दुकानदार तारण म्हणून ओळखी फक्त कापूस, म्हणून झोपडीच्या दारापर्यंत कापूस, परसात भाजीचे एक रोप नाही, आणि वर्षानुवर्षे एकच पीक घेऊन जमीन निःसत्त्व. आमच्याकडील सावकारी ज्याने पाहिली आहे, त्याला ही खातेवही वाचून दाखविण्याचे कारण नाही.

बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली सुरू केलेल्या टस्कीगी संस्थेत १८९२ पासून दरवर्षी शेतकऱ्यांची परिषद भरत असे, आणि १८९६ साली कार्व्हर आल्यावर प्रयोगक्षेत्र व शेतीविषयक पत्रिका यांचीही जोड मिळाली. पण ज्याला अक्षरओळख नाही त्याला पत्रिका काय कामाची? आणि जो सर्वांत नडलेला, त्याला परिषदेस येण्याची सवड आणि साधन कोठले? तेव्हा शाळेनेच चालत जावे असे ठरले.

गाडीची वहिवाट साधी होती. एखाद्याचे शेत निवडावयाचे, शेजारपाजारच्यांना बोलवावयाचे, आणि व्याख्यान न झोडता त्याच्याच रानात खोल नांगरट करून, बी पेरून दाखवावयाचे. सांगणेही असे की त्याला दमडी लागू नये: विकतच्या खतापेक्षा दलदलीतला गाळ आणि जंगलातला पालापाचोळा, कापसाच्या जागी आलटूनपालटून चवळी आणि रताळी, घराला बाजारच्या रंगाऐवजी परिसरातल्या रंगीत मातीचा हात. रताळी घरची आणि भाजी परसातली झाली म्हणजे दुकानदाराच्या वहीत तेवढ्या रकमा कमी चढणार. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत ज्याला विकास म्हणतात त्याचा आरंभ येथे एवढ्याच वजाबाकीने झाला. पहिल्याच उन्हाळ्यात महिन्याला दोन हजारांवर माणसे या गाडीपाशी जमली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्र सरकारच्या शेतकी खात्याने टस्कीगीचा विद्यार्थी थॉमस मनरो कॅम्बेल याला शेतकऱ्यांना प्रात्यक्षिके दाखविणारा अधिकारी म्हणून नेमून गाडी त्याच्या हवाली केली. असा हुद्दा मिळालेला तो पहिला कृष्णवर्णी माणूस.

गाडीला जमले नाही तेही सांगितले पाहिजे. जमिनीची मालकी तिने कोणाला मिळवून दिली नाही, आणि १९०१ च्या राज्यघटनेने अलाबामात हिरावलेला मताधिकारही तिच्या आटोक्याबाहेरचा होता. पुढे १९१४ च्या कायद्याने देशभर विस्तारकार्याचे, म्हणजे शेतीचे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याचे, खाते उभे राहिले. पण दक्षिणेत त्या खात्याच्या पैशाच्या किल्ल्या गोऱ्यांच्या महाविद्यालयांकडे गेल्या.

तथापि गाडीने एक वस्तू मिळविली होती, ती म्हणजे पत. ज्यांना बाजारात पत नव्हती अशा माणसांत तिची पत एवढी वाढली की, खेचरे जाऊन मोटार आल्यावर, १९२३ साली नव्या मोटारीसाठी पाच हजार डॉलर उभे करावयाचे ठरले तेव्हा तीस हजारांवर कृष्णवर्णी शेतकऱ्यांनी आणि संस्थेच्या स्नेह्यांनी वर्गणी दिली. या फिरत्या शाळेबरोबर आता परिचारिकाही असे. ती झोपडीझोपडीत शिरे, बाळंतिणीची विचारपूस करी, आणि तिचे म्हणणे लोक मानीत.

हीच पत पुढे सरकारच्या आरोग्य खात्याने खर्ची टाकली. १९३२ साली त्याने संस्थेच्या सहकार्याने टस्कीगीच्याच परगण्यात उपदंशाचा ‘अभ्यास’ मांडला, तेव्हा माणसे जमविण्यास आणि टिकवून धरण्यास फिरत्या शाळेत काम केलेली एक परिचारिका उपयोगी पडली. सुमारे चारशे रोग्यांना त्यांचा रोग सांगितला गेला नाही, आणि पेनिसिलिन आल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. तो प्रयोग १९७२ साली थांबला.