ॲक्सेस पॉइंटला वारंवार मूर्च्छा का येते?

वसतिगृहाच्या छताला लावलेली पांढरी डबी, म्हणजे वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट, दिवसातून दहा वेळा बंद पडून आपोआप सुरू होऊ लागली की 'डबीच खराब, नवी आणा' असा निकाल चटकन दिला जातो. परीक्षेचा अर्ज भरताना ज्याचे पान अर्ध्यावर गोठले, त्याचा संताप मी समजू शकतो. तथापि हा निकाल पुरावा न पाहताच दिलेला असतो.

प्रथम पाहावे की डबी खरोखर नव्याने सुरू होते, की केवळ संपर्क तुटतो. ती किती वेळ अखंड चालू आहे, हा आकडा तिच्या व्यवस्थापनाच्या पानावर असतो. तो शून्यावर आला नसेल तर रोग निराळा. उदाहरणार्थ, 5 गिगाहर्ट्झच्या काही वाहिन्यांवर रडारची चाहूल लागताच यंत्राला ती वाहिनी सोडावीच लागते.

आकडा शून्यावर आला असेल तर एक तर वीज तुटली, किंवा आतली प्रणाली अडकली. प्रणाली अडकणार हे निर्माते गृहीतच धरतात. म्हणून आत एक राखणदार घड्याळ असते. ठराविक वेळात त्याला खूण मिळाली नाही की ते यंत्र सक्तीने नव्याने सुरू करते. सिकंदराबादकरांना हा विचार परका वाटू नये. तारनाक्याला रेल्वेची सिग्नल अभियांत्रिकी संस्था 1957 पासून आहे, आणि वीज गेली तर रिले गळून सिग्नल तांबडाच व्हावा, हा त्या विद्येचा पहिला धडा. बिघडायचेच तर सुरक्षित बाजूला बिघडावे!

मूर्च्छेत डबीच्या नोंदी बहुधा पुसल्या जातात. त्या दुसऱ्या संगणकावर पाठवण्याची सोय आधीच करून ठेवावी.

आता विजेकडे वळू, कारण खरी गोम बहुधा इथेच असते. डबीला वीज मिळते ती जाळ्याच्या केबलमधूनच. 2003 च्या मानकानुसार स्विच 44 व्होल्टला 0.35 अँपिअर, म्हणजे 15.4 वॅट देतो. शंभर मीटर केबलचा रोध 20 ओहम धरला तर वाटेत 7 व्होल्ट खर्ची पडतात व डबीपाशी 12.95 वॅट उरतात. केबल तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमची असेल तर रोध सुमारे दीडपट होतो. व्होल्ट घटले की तेवढ्याच शक्तीसाठी डबी अधिक प्रवाह ओढते, त्याने घट आणखी वाढते, आणि शेवटी स्विच हात आखडता घेतो. रात्री शांत असलेली डबी सकाळी अकराला, सारी मुले जोडली गेल्यावर, का कोसळते याचा उलगडा यातून होतो.

एका वसतिगृहात आम्ही दोन डब्यांची अदलाबदल केली. दुखणे डबीबरोबर गेले नाही, जागेलाच चिकटून राहिले. चाकूने तार खरवडली तर आत पांढरी! अस्सल तांब्याची केबल टाकल्यावर नव्या डबीचा खर्च वाचला.

साऱ्या डब्या एकदम कोसळत असतील तर स्विचची एकूण ऐपत तपासावी. 370 वॅटच्या स्विचवर प्रत्येकी 25 वॅट ओढणाऱ्या सोळा डब्यांचा हिशेब 400 वर जातो. तिथे कोणाला तरी उपाशी राहणे भाग आहे. मे महिन्यात पत्र्याखाली टांगलेल्या डबीचे दुखणे उष्णतेचेही असू शकते. तिला खाली सावलीत आणून दोन दिवस पाहावे. एवढे सगळे निर्दोष निघाले, तरच आतली प्रणाली नवी भरण्याच्या खटपटीत पडावे.