रकान्यांमागची माणसं

भंडारा जिल्ह्यात धानाचे पऱ्हे टाकायची वेळ आणि गुरुजींच्या निरोप समारंभांची वेळ एकदमच येते. आस्थापनेच्या टेबलावर बसलेल्याला याचं कारण पाठ असतं. त्या पिढीतल्या कितीतरी शिक्षकांची जन्मतारीख १ जुलै. खेड्यात जन्माची नोंद कुठली? पोराला नाव घालायला आणलं की हेडमास्तर अंदाजानं वर्ष धरायचे आणि शाळेच्या हिशेबात बसणारी तारीख लिहून टाकायचे. पुढे तीच तारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर उतरली, अंकी आणि अक्षरी, आणि ५८ वर्षं भरली की तीच माणसाला घरी पाठवू लागली.

एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमानं आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे ३० जून. आणि वार्षिक वेतनवाढ लागायची १ जुलैला. वर्षभर शाळा शिकवून झाली, पण वाढ लागायच्या दिवशी माणूस सेवेत नाही. त्या एका दिवसानं जन्मभराचं पेन्शन कमी बसायचं. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा कर्मचाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्यानंतर राज्य शासनानंही त्यांना काल्पनिक वेतनवाढ देण्याचा निर्णय काढला. सगळ्यांना एकच तारीख लावण्याचा नियम कामाला सोपा होता. तो कोणाच्या ताटातून काढून घेतो, हे मात्र निवृत्तांनी कोर्टात जाऊन दाखवून द्यावं लागलं.

तरीही मी ठरलेल्या कार्यपद्धतीच्याच बाजूचा आहे. ती नसली की काय होतं, ते मी जास्त पाहिलं आहे.

१ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आज इकडे सात तालुके, तिकडे आठ. नकाशा एका अधिसूचनेनं विभागला, पण माणसांची नोकरी तशी विभागत नाही. अखंड भंडाऱ्यात रुजू झालेले, पुढे सीमेपलीकडे बदलून गेलेले लोक होते. सेवापुस्तकात दरवर्षी पगारपत्रकावरून सेवेची पडताळणी करून शेरा मारायचा असतो आणि त्यावर कार्यालयप्रमुखाची सही लागते. काम पाच मिनिटांचं. पण कोणी बदलून गेलं, कोणी रजेवर होतं, आणि चार-चार वर्षं शेऱ्याविना कोरी राहिली. निवृत्तीच्या सहा महिने आधी पेन्शनचे कागद तयार झाले की ती कोरी जागा बोलू लागते. केस त्रुटीत परत येते.

असे एक गुरुजी आमच्याकडे यायचे. दुपारी यायचे, बाकावर टोपी ठेवायचे आणि हळूच विचारायचे, "बाबू, माझी केस कुठं अडली जी?" अडली होती नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, जंगलाकडच्या एका एकशिक्षकी शाळेत. पगारपत्रकं सापडेनात. शेवटी त्या शाळेच्या कपाटात जुनं हजेरी मस्टर निघालं. त्यावर त्यांच्या रोजच्या सह्या होत्या, पावसाळ्यातल्यासुद्धा. गुरुजींनी ते पान पाहिलं आणि बराच वेळ आपल्याच सहीवर बोट ठेवून बसले.

अनिलकुमार लखीना हे जिल्हाधिकारी असताना १९८०च्या दशकात अहमदनगरला त्यांनी कार्यालयाची जी मांडणी बसवली, ती ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली. त्यातून आलेली सहा गठ्ठ्यांची पद्धत आजही बाबूलोकांच्या तोंडी आहे: कार्यवाहीतल्या संचिका, उत्तराच्या प्रतीक्षेतल्या, नियतकालिक विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. ऐकायला हे झाडलोटीचं काम वाटतं. पण एका कार्यालयात आम्ही लाल कापडाचे बस्ते सोडून वर्गवारी करायला बसलो, तेव्हा ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे वर्षभरानंतर नष्ट करायच्या ढिगात एका परिचराचं सेवापुस्तक निघालं. जुन्या रजेच्या अर्जांत चिकटून गेलेलं. तो परिचर त्याच खोलीत आम्हाला पाणी आणून देत होता. त्याची सगळी नोकरी त्या ढिगात पडून आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये, असा बदल्या आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा आपल्याकडे २००५ चा आहे. तो मला मोलाचा वाटतो तो अशा परिचरासाठी. साहेबांना ओळखणाऱ्याची फाईल कायद्याविनाही पळते. ज्याला विचारायची भीड वाटते, त्याची फाईल फक्त पद्धतच पुढे सरकवते.

नामनिर्देशनाचा किस्सा सांगितल्याशिवाय मात्र हे पुरं होत नाही. एक तरुण ग्रामसेवक अपघातात गेला. भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशनात नाव आईचं, नोकरी लागली तेव्हाचं. आई आधीच वारलेली, लग्न नंतर झालेलं. त्याची बायको कडेवर लेकरू घेऊन वारस प्रमाणपत्रासाठी कोर्टाच्या फेऱ्या मारत राहिली. त्याच्या लग्नात कार्यालयातले सगळे जेवून आले होते, पण त्यानंतर त्याच्यापुढे नवा नमुना ठेवणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर तिथल्या वरिष्ठ सहायकांनी स्वतःच एक तपासणी सूची तयार केली आणि प्रत्येक सेवापुस्तकाच्या आत चिकटवली. पहिलीच ओळ: लग्न झालं का, नामनिर्देशन बदललं का. दुसरी: गेल्या वर्षीच्या पडताळणीचा शेरा आहे का. तिसरी: कर्मचाऱ्यानं पुस्तक पाहून सही केली का. वरून कोणताही आदेश आला नव्हता.

आता सेवापुस्तकं संगणकावर जात आहेत, आणि जायलाच हवीत. पण पान स्कॅन होण्याआधी ज्याचं पुस्तक आहे त्याला समोर बसवून ते एकदा वाचून दाखवावं, एवढं प्रत्येक पंचायत समितीनं करावं. मुख्यालयापासून दूरच्या शाळेतल्या शिक्षकाला आणि अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला त्यासाठी एक दिवस कर्तव्यावर धरून बोलवावं. वाचताना ते थांबवतील, "हे असं नव्हतं जी," म्हणतील. तेव्हा पेन खाली ठेवून ऐकावं आणि पुरावा पाहून नोंद तिथंच दुरुस्त करावी.