डाव्या कुशीचा ढोल

दास्तान फाट्यावर ट्रेलर एकामागे एक खोळंबले की त्यांच्या मधून वाट काढत एखादी गाय रस्ता ओलांडते. उरण-पनवेल पट्ट्यात याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. पलीकडे कचऱ्याचा ढीग असतो. गाय एक गाठ मारलेली पिशवी हुंगते. आत काल रात्रीचा भात आहे हे तिला कळतं, पण गाठ कशी सोडवायची हे कळत नाही. मग ती पिशवीसकट भात गिळते.

ही जासईची हद्द. गाव उरण तालुक्यातलं, पण व्यवहार निम्मा पनवेलशी. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील याच गावचे. १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी आली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू. जमिनीची ही कथा पुष्कळ सांगितली गेली. भातशेती गेल्यावर गोठ्यातल्या दावणीत काय उरलं, हा तिचा पुढचा भाग मात्र कुणी फारसा सांगत नाही. पशुवैद्यकाला तो जनावराच्या डाव्या कुशीवर हात ठेवल्यावर समजतो.

पोटफुगी हा तसा जुना, सगळ्यांना माहीत असलेला आजार. ‘गुराचं पोट फुगलं’ म्हटलं की गावात दहा उपाय सांगणारे दहा जण जमतात. त्यातले तीन उपाय चांगले असतात, चार निरुपयोगी आणि उरलेले जीवघेणे. हा फरक समजायचा तर आधी गाईचं पोट समजून घ्यायला हवं.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला सर्वांत मोठा कोटीपोट, म्हणजे रूमेन. थोराड संकरित गाईत तो शंभर-दीडशे लिटरचा असतो. कोकण कपिलासारख्या लहान चणीच्या गाईत त्याहून बराच कमी, पण तिच्या मानाने मोठाच. हा कप्पा पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापतो. इथे पचन करतात ते अब्जावधी सूक्ष्मजीव. गवत आंबतं, त्यातून गाईला ऊर्जा मिळते आणि शिवाय वायू तयार होतो, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन. मोठ्या गाईच्या पोटात भरपूर खाल्ल्यावर तासाला तीस ते पन्नास लिटर. एवढा वायू जातो कुठे? ढेकरावाटे. गाय साधारण मिनिटाला एक ढेकर देते, तोही इतका हळू की शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागू नये. हवामानबदलाच्या परिषदांतून या ढेकरांवर बरीच चिंता व्यक्त होते. गाईचा जीव मात्र त्यावरच टिकून असतो. तो अडला की तिच्याकडे फार तर काही तास असतात.

ढेकर अडण्याचे प्रकार दोन, आणि सगळे उपचार या दोहोंतल्या फरकावर बेतलेले आहेत.

पहिला प्रकार फेसाचा. लसूणघास, बरसीम, चवळी, कोवळा हरभरा ही सगळी द्विदल कुळातली मंडळी. त्यांच्या कोवळ्या पानात विरघळणारी प्रथिनं भरपूर असतात. कोटीपोटात ती सुटतात आणि वायूचे बारीक बुडबुडे धरून ठेवतात. साबणाच्या पाण्यावर येतो तसा फेस, फक्त घट्ट आणि न मोडणारा. वायू मोकळा होऊन वर जमला तरच ढेकर येतो. फेस अन्ननलिकेच्या तोंडाशी आला की ते दार उघडतच नाही. रायगडात भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात, थंडीत त्याच वालाच्या शेंगा मडक्यात भरून पोपटी लावतात. वाल माणसाला प्रिय, गुरालाही प्रिय, आणि तोही द्विदलच. रात्रभर उपाशी असलेलं जनावर दावं तोडून दव पडलेल्या हिरव्या वेलात शिरलं, तर सकाळी मालकाला ते फुगलेलंच सापडू शकतं.

दुसरा प्रकार मोकळ्या वायूचा. इथे फेस नाही, वाट बंद आहे. मे महिन्यात कोकणातल्या गोठ्यात आंब्याची कोय आणि फणसाची चारखंडं मुबलक पडतात. जनावर ती अधाशासारखी खातं आणि एखादी कोय घशात किंवा अन्ननलिकेत बसते. तोंडातून लाळ गळते, मान ताणली जाते, पोट फुगू लागतं. कधी वाट मोकळी असते, पण कोटीपोटाची हालचालच थांबलेली असते. धनुर्वातात असं होतं, व्यायल्यावर कॅल्शियम घटून आडव्या पडलेल्या गाईत होतं, आणि खिळा किंवा तार गिळलेल्या जनावरातही होतं. गाय ओठांनी निवडून खात नाही. जिभेने वेढा घालते आणि ओढते. गवताबरोबर आलेला तारेचा तुकडा जाळीपोट या कप्प्यात उतरतो आणि तिथून पुढे छातीचा पडदा, कधी थेट हृदयाचं आवरण टोचतो.

या दुसऱ्या प्रकारात आता प्लॅस्टिक येऊन बसलं आहे. पिशवी पचत नाही, शेणावाटे पडत नाही, उलट दोरीसारखी पिळत जाते आणि इतर पिशव्यांना गुंडाळून तिचा गोळा होतो. असं जनावर एकदम फुगून मरत नाही. अधूनमधून फुगतं, उतरतं, दूध तोडतं, हाडं दिसू लागतात. मालक जंताचं औषध देतो, टॉनिक देतो. शेवटी शस्त्रक्रिया करून कोटीपोट उघडलं की तीस-चाळीस किलो पिशव्या, दोऱ्या, चपलांचे तुकडे बाहेर आल्याच्या घटना देशभरात नोंदलेल्या आहेत. आंध्र प्रदेशातल्या पुट्टपर्तीच्या करुणा सोसायटीने २०१२ मध्ये हाच विषय सर्वोच्च न्यायालयात नेला. महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. तिचं पुढे काय झालं ते कुठल्याही भाजीबाजारात उभं राहून पाहावं.

अंगात मीठ आणि फॉस्फरस कमी पडलं की जनावर चिंध्या, हाडं, प्लॅस्टिक चघळतं, हेही लक्षात घ्यायला हवं. ‘हावरट आहे मेली’ म्हणून काठी उगारण्याआधी दावणीत खनिज मिश्रण घालून पाहावं.

आता गोठ्यात काय दिसतं ते. जनावर रवंथ थांबवतं, चारा सोडतं. डावी भकाळी, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधला खळगा, आधी भरते आणि मग पाठीच्या रेषेच्या वर येते. बोटांनी टिचकी मारली की ढोल वाजल्यासारखा आवाज येतो. गाय ऊठबस करते, मागच्या पायाने पोटावर लाथा मारते, वळून कुशीकडे पाहते, थोडं थोडं मुतते. पुढे तोंड उघडून, जीभ बाहेर काढून श्वास घेते. फुगलेलं पोट छातीचा पडदा पुढे रेटतं, फुप्फुसांना जागा उरत नाही, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. याच्या पुढची पायरी म्हणजे जनावर पडणं. पडलेलं फुगीर जनावर सहसा उठत नाही.

लग्न-हळदीच्या मोसमात आणखी एक घोटाळा होतो. उरलेला भात, बिर्याणी, पुऱ्या टोपलीभर गाईपुढे ओतल्या जातात, पुण्य म्हणूनही आणि विल्हेवाट म्हणूनही. दिवाळीच्या पाडव्याला नटवलेल्या बैलांच्या वाट्यालाही असाच लाड येतो. शिजलेलं पिठूळ अन्न कोटीपोटात झपाट्याने आंबतं आणि आम्ल वाढतं. पोट थोडं फुगतं, पण टिचकीला ढोल वाजत नाही. पाणी भरलेल्या पखालीसारखं ते डचमळतं. आंबूस पातळ शेण, अडखळती चाल, खोल गेलेले डोळे. ही पोटफुगी नव्हे, ही आम्लविषबाधा, आणि तिचे उपचार वेगळे. नुसतं तेल पाजून ती बरी होत नाही. ‘काय खाल्लं?’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो तो यासाठी. त्याचं खरं उत्तर द्यावं, शेजाऱ्याच्या मांडवातलं खाल्लं असलं तरी.

फेस की मोकळा वायू, हे पशुवैद्यक पोटात नळी घालून ओळखतात. तोंडावाटे रबरी नळी कोटीपोटात गेली आणि फुस्स करून वायू सुटला, तर प्रकार दुसरा. निदान आणि उपचार एकाच वेळी झाले. नळीतून नुसता फेस आला आणि पोट उतरलं नाही, तर फेस मोडणारं औषध त्याच नळीतून आत सोडतात. अगदीच घायकुती आली की डाव्या भकाळीत ट्रोकार नावाचं टोकदार हत्यार नळीसकट खुपसून वायू काढतात. टॉमस हार्डीच्या १८७४ च्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ या कादंबरीत क्लोव्हरच्या कुरणात शिरून फुगलेल्या मेंढ्यांना नायक असंच टोचून वाचवतो. हा प्रसंग वाचून कुणी चाकू उचलू नये. जागा चुकली तर आतडी फाटते, जागा बरोबर असूनही पोटातला मळ आत सांडून सूज येते, आणि घट्ट फेस तर एवढ्याशा नळीतून निघतही नाही. तेव्हा पोट उघडून फेस बाहेर काढण्यावाचून डॉक्टरांपुढेही इलाज नसतो.

डॉक्टर येईपर्यंत घरच्यांनी करण्यासारखं थोडं आहे, पण ते मोलाचं आहे. उरण रस्त्यावरचा ट्रेलरांचा खोळंबा ठाऊक असलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जनावराचा चारा लगेच काढावा. ते उभं असेल तर पुढचे पाय उंचावर येतील असं चढावर उभं करावं, म्हणजे वायू अन्ननलिकेच्या तोंडाशी येतो. तोंडात लगामासारखी आडवी काठी बांधावी. जनावर ती चघळत राहतं, लाळ सुटते. लाळ स्वतःच फेस मोडते, आणि तोंड हलत राहिल्याने ढेकर यायला मदत होते. जुन्या लोकांचा हा उपाय शास्त्राच्या कसोटीला उतरलेला आहे. फेसाची शंका असेल तर मोठ्या जनावराला पाव ते अर्धा लिटर गोडेतेल पाजावं. तेलाने बुडबुड्यांचा पापुद्रा फुटतो.

पाजताना घाई नको. जीभ बाहेर ओढून, मान आभाळाकडे करून बांबूच्या नळ्याने भसाभस ओतलेलं तेल फुप्फुसात जातं. मग पोटफुगीतून वाचलेलं जनावर चार दिवसांनी न्यूमोनियाने जातं. मान जमिनीला समांतर, घोट घोट, आणि खोकलं की थांबायचं. जे जनावर धापा टाकतंय किंवा पडलेलं आहे त्याला तोंडाने काहीही पाजू नये. टर्पेंटाइन डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि तेलात मिसळूनच, शिवाय दुधाला त्याचा वास येतो. घासलेट, कपडे धुण्याची पावडर आणि तापलेल्या सळईने पोटावर डाग देणं, ही तिन्ही कामं क्रूर आणि निरर्थक आहेत.

टाळण्याचं सूत्र एकच आहे आणि ते जासईसारख्या गावाला फार लागू पडतं. कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नवा चारा पचवायला शिकण्यासाठी दोन-तीन आठवडे लागतात. जुन्या शेतीत हा वेळ आपोआप मिळत होता. उडवीतला पेंढा वर्षभर दावणीत असायचा, पावसाळ्यात हिरवं गवत हळूहळू वाढायचं, आणि गुरं चरायला सोडण्याआधी पेंढ्याचे चार घास त्यांच्या पोटात पडलेले असायचे. शेत गेलं, उडवी गेली. आता सोमवारी विकतची लसूणघास, बुधवारी कुणाच्या मांडवातला भात, शुक्रवारी बाजारातली उरलेली कोबीची पानं. गाव पंचवीस वर्षांत शहर होऊ शकतं, पण गाईच्या पोटाला बुधवारचा भात सोमवारच्या गवतासारखा पचवता येत नाही.

म्हणून ज्यांच्या गोठ्यात अजून दोन-चार गुरं आहेत त्यांनी सुका पेंढा विकत घेऊन ठेवावा आणि हिरवा चारा त्यानंतरच द्यावा. लसूणघास कापल्या कापल्या न घालता काही तास सुकवून, पेंढ्याच्या कुट्टीत मिसळावी. दव आणि पावसाचं पाणी असलेल्या कोवळ्या द्विदल चाऱ्यात उपाशी जनावर सोडू नये. बीट, बटाटा, फणस चिरून द्यावा आणि कोयी वेगळ्या ठेवाव्यात. खुराक वाढवायचा तर थोडा थोडा. न्यूझीलंडमध्ये क्लोव्हरच्या कुरणांवर चरणाऱ्या दुभत्या गाईंना मोसमात रोज फेस मोडणारं तेल किंवा औषध पाजतात. आपल्याकडे लसूणघास जास्त घालणाऱ्या गोठ्यांत खुराकावर रोज थोडं गोडेतेल टाकलं तरी फरक पडतो.

आणि जनावर गेलंच तर शवविच्छेदन करून घ्यावं. कोकणच्या उकाड्यात मेलेलं प्रत्येक जनावर दोन-चार तासांत फुगतं, मग ते सर्पदंशाने गेलेलं असो की विषबाधेने. फुगलेलं कलेवर पाहून पोटफुगीचा निकाल देता येत नाही. पशुवैद्यक अन्ननलिका उघडून पाहतात. मानेतला भाग रक्ताने लालबुंद, छातीतला भाग दाबाने पांढराफटक आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसली, तर जिवंतपणी पोट फुगलं होतं असं समजतात. विम्याच्या दाव्यात ही एक रेघ पुरावा ठरते.

जे गुरं पाळत नाहीत त्यांच्याकडे मागणं एवढंच की उरलेलं अन्न पिशवीत गाठ मारून रस्त्यावर टाकू नये. आणि जे पाळतात त्यांनी अर्ध्या लिटरची गोडेतेलाची बाटली गोठ्यातच ठेवावी, आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने मोठ्या आकड्यांत पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक लिहून ठेवावा: १९६२.