ठोसा पचवायची तालीम

किन्शासातल्या अली-फोरमन मुष्टियुद्धाला ऑक्टोबर २०२४ मध्ये ५० वर्षं झाली. पुढच्या मार्चमध्ये जॉर्ज फोरमन गेला. मुहम्मद अली तर २०१६ मध्येच गेला होता. दोन्ही मल्ल आता नाहीत, तेव्हा या लढतीची जी गोष्ट अर्धं शतक सांगितली गेली ती एकदा तपासून पाहायला हरकत नाही. गोष्ट अशी, की ३२ वर्षांचा अली दोरांना टेकून उभा राहिला, ४० पैकी ४० लढती जिंकलेल्या २५ वर्षांच्या फोरमनला त्यानं हवं तेवढं मारू दिलं आणि आठव्या फेरीत दमलेल्या फोरमनला लोळवलं. मार खायचीसुद्धा तालीम करता येते, असा धडा जगभरच्या जिमनी यातून घेतला.

समजूत मात्र त्याहून जुनी. १९२० च्या दशकात हेवीवेट विजेता असलेला जॅक डेम्प्सी चेहरा आणि हात खारवणात भिजवून ठेवायचा, जबडा घट्ट व्हावा म्हणून पाइनच्या झाडाचा डिंक चघळायचा. यानं कातडं राठ होत असेल, भुवई लवकर फुटत नसेल. पण ठोशानं माणूस आडवा होतो तो कातड्यामुळे नव्हे. पोटाचीही अशीच तालीम चाले, अजूनही चालते: मल्ल जमिनीवर आडवा आणि पोटावर दणादण आदळणारा जड मेडिसिन बॉल. यात तथ्य आहे. पोटाचे स्नायू वेळेवर आवळले तर बराच मार खपतो. वेळेवर आवळता आले तर! जादूगार हूदिनीला आपल्या पोलादी पोटाचा मोठा अभिमान. १९२६ मध्ये मॉन्ट्रियलला एका विद्यार्थ्यानं तो कोचावर टेकलेला असतानाच पोटात ठोसे लगावले, आणि काही दिवसांत आंत्रपुच्छ फुटून हूदिनी वारला. ठोशांमुळेच ते फुटलं का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. बेसावध पोटाला तालमीचा उपयोग नाही, यावर नाहीत. यकृतावर बसलेला ठोसा तर सावध माणसालाही बसवतो. २००४ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सच्या तशा एका डाव्या ठोशानं ऑस्कर डे ला होया नवव्या फेरीत गुडघ्यावर आला आणि दहा आकडे होईतो उठू शकला नाही.

डोक्याची गोष्ट आणखी वेगळी. हनुवटीवर आडवा ठोसा बसला की डोकं मानेवर गर्रकन फिरतं, आतला मेंदू मागे राहतो आणि त्याचे तंतू ताणले जातात. हंडी कितीही जाड केली तरी हिसका बसला की आतलं दही हलणारच. मेंदूला घट्टा पडत नाही. कातडीला पडतो, हाडाला थोडाफार पडतो, म्हणून तर ही फसगत एवढी वर्षं टिकली.

हे कुणी सांगितलंच नाही असंही नाही. न्यू जर्सीतल्या नेवार्क इथले शवचिकित्सक हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ठोसे खाऊन झिंगल्यासारख्या झालेल्या मुष्टियोद्ध्यांबद्दल निबंध लिहिला. पाय ओढत चालणं, अडखळती जीभ, थरथरते हात, शेवटी बुद्धीचा ऱ्हास. हा आजार कुणाला जास्त होतो, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं: चपळाईनं ठोसे चुकवणाऱ्यांना नव्हे, तर एक ठोसा मारायला मिळावा म्हणून चार खाणाऱ्यांना, आणि मोठ्या मल्लांच्या सरावासाठी ठेवलेल्या दुय्यम दर्जाच्या गड्यांना, जे दिवसात कित्येकदा आडवे होत. ज्यांनी मार खायचा ‘सराव’ सगळ्यांत जास्त केला तेच आधी मोडले. सगळ्या विषयाचं उत्तर खरं तर इथेच मिळतं. ते जिमपर्यंत पोचायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

तर पुन्हा अलीकडे वळू. पेनसिल्व्हेनियातल्या डीअर लेक इथे डोंगरावर त्याचा तळ होता. लाकडी ओंडक्यांच्या खोल्या, आवारात मोठमोठे धोंडे आणि त्यांवर अलीच्या वडिलांनी रंगवलेली जुन्या मुष्टियोद्ध्यांची नावं. या तळावरच्या रिंगमध्ये अली दोरांना पाठ लावून उभा राहायचा आणि सरावातल्या जोडीदारांना सांगायचा, मारा. त्यांत तरुण लॅरी होम्सही होता. अलीचा हिशेब सरळ होता: लढतीत जे सोसायचं ते आधी सोसून ठेवू. आता किन्शासाचं चित्रण शांतपणे पाहा. पहिल्या फेरीत अलीनंच उजव्या हाताचे ठोसे पेरले आहेत. नंतर तो दोरांवर रेलतो, पण डोकं मागे, फोरमनच्या टप्प्याबाहेर. तोंडापुढे दोन्ही हात. आणि संधी मिळाली की फोरमनची मान कवळून खाली दाबतो. फोरमनचे बहुतेक घणाघाती ठोसे अलीच्या दंडांवर आणि बरगड्यांवर गेले. म्हणजे ज्या लढतीला आपण सहनशक्तीचा विजय म्हणतो ती मोठ्या प्रमाणात डोकं वाचवण्याच्या कसबाची लढत होती. डीअर लेकमध्ये खाल्लेला मार कामी आला, हे मला तरी पटत नाही. तो मार फक्त जमा होत गेला.

पुढची सात वर्षं त्याची वसुली झाली. १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात जो फ्रेझरबरोबर १४ फेऱ्या. सप्टेंबर १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एर्नी शेव्हर्सबरोबर १५. शेव्हर्स त्या काळातला सर्वांत जबर ठोसेवाला. अली जिंकला, पण त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांच्या हाती तपासणीचा अहवाल आला त्यात मूत्रपिंडं खराब होत चालल्याची चिन्हं होती. पाचेकोंनी अहवालाच्या प्रती अलीला, त्याच्या बायकोला, व्यवस्थापकाला आणि प्रशिक्षकाला पाठवल्या. एकाचंही उत्तर आलं नाही. पाचेको तळ सोडून गेले. अलीच्या भोवती माणसांची कमी कधीच नव्हती, त्यांतला निघून जाणारा हा एकटा.

१९८० च्या ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासला अलीसमोर उभा होता तोच लॅरी होम्स, एके काळचा सरावाचा गडी. दहा फेऱ्यांनंतर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. डिसेंबर १९८१ मध्ये नासाऊला शेवटची लढत, आणि १९८४ मध्ये पार्किन्सनच्या लक्षणांचं निदान. हा आजार ठोशांमुळेच झाला का, यावर मेंदूविकारतज्ज्ञांचं एकमत नाही, ते सांगायलाच हवं. पण ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीच्या जुन्या मुलाखती ऐकून त्याच्या बोलण्याचा वेग मोजला, तेव्हा २६ ते ३९ या वयात तो २६ टक्क्यांनी मंदावलेला आढळला. म्हणजे निदानाच्या कितीतरी आधीपासून जीभ जड होत होती, आणि तेव्हा तो रिंगमध्येच होता.

अली जगाचा लाडका, म्हणून त्याची आठवण राहिली. जेरी क्वारीची कुणाला आहे? दोनदा अलीशी, दोनदा फ्रेझरशी लढलेला, चिवटपणाबद्दल टाळ्या घेणारा. १९८३ मध्ये एका अमेरिकन क्रीडा साप्ताहिकानं त्याची तपासणी करवली. मेंदूला इजा झाल्याचं त्यात दिसलं. तरीही तो पुन्हा लढला, शेवटचा १९९२ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी. १९९९ मध्ये गेला तेव्हा तो ५३ वर्षांचा होता आणि बरीच कामं त्याला दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नव्हती. त्याचा धाकटा भाऊ माइकही मुष्टियोद्धा. तोही मार्टलँड यांनी वर्णन केलेल्या त्याच आजारानं गेला.

नियम बदलले ते मात्र एका मृत्यूनंतर. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीपर्यंत झुंजला, कोसळला आणि काही दिवसांत मेला. लढती १५ वरून १२ फेऱ्यांवर आल्या. १९८४ च्या ऑलिंपिकपासून हौशी मुष्टियुद्धात डोक्याला शिरस्त्राण आलं. आणि गंमत पाहा, २०१३ मध्ये पुरुषांच्या लढतींतून ते काढलं, रिओमध्ये २०१६ ला पुरुष पुन्हा उघड्या डोक्यानं लढले. शिरस्त्राण जखमा टाळतं, हिसका टाळत नाही. वर त्यामुळे डोकं मोठं होतं, नजर अडते आणि आपण सुरक्षित आहोत असं वाटून खेळाडू डोकं पुढे करतो.

मग तालीम कशाचीच होत नाही का? होते, थोडी. मान मजबूत असेल आणि ठोसा येताना दिसला, तर मल्ल हनुवटी छातीशी घेऊन मान ताठ करतो. डोकं कमी फिरतं. अमेरिकेतल्या शालेय खेळाडूंच्या २०१४ च्या एका मोठ्या पाहणीत मानेची ताकद जास्त असलेल्यांना डोक्याला धक्का बसून होणारी इजा कमी आढळली. ती मुलं फुटबॉल, बास्केटबॉल, लॅक्रॉस खेळणारी होती, त्यांना मुद्दाम कुणी ठोसे मारत नव्हतं, हे विसरू नये. आपल्या तालमीतले पैलवान डोकं मातीत टेकवून पूल करतात तो माइक टायसनच्याही व्यायामात होता. पण न दिसलेल्या ठोशापुढे मान कितीही जाड असो, ती आवळायला वेळच मिळत नाही. म्हणून जुने प्रशिक्षक सांगतात ते खरं, की पाडतो तो न दिसलेला ठोसा. नजर, पाय, अंतर, दम यांची तालीम होते. दमलेला माणूस हात खाली सोडतो, आणि वजन उतरवण्यासाठी पाणी तोडलेला माणूस आधीच अर्धा दमलेला असतो.

उरली ‘जन्मजात हनुवटी’. काहींना ती असते, कबूल. मॅक्स होलोवे हा एमएमए म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्समधला हवाईचा मल्ल तिच्यासाठीच प्रसिद्ध. त्यानं सरावात डोक्यावर मार खाणं बंद केलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये अबुधाबीत केल्विन केटरवर ४४५ जोरकस ठोसे-लाथांचा विक्रम केला. सराव नसतानाही जमलं म्हणून अनेकांनी भुवया उंचावल्या. मला उलट वाटतं, जमलं ते कदाचित म्हणूनच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र त्याच अबुधाबीत इलिया तोपुरियानं त्याला पाडलं. ठोशांनी असा तो कारकिर्दीत प्रथमच हरला. जन्मजात हनुवटीचीही शिल्लक संपते.

पुण्या-मुंबईतही आता बॉक्सिंग आणि एमएमएचे क्लास जागोजागी निघालेत, आणि दहा-बारा वर्षांची मुलं तिथे ग्लव्हज घालून जातात. जाऊ द्या, खेळ चांगला आहे. फक्त नाव घालण्याआधी प्रशिक्षकाला एवढंच विचारा, की डोक्यावर जोरानं मारायचं स्पारिंग आठवड्यातून किती वेळा होतं, आणि मुलाला गरगरलं तर किती दिवस रिंगबाहेर ठेवता? ‘खाऊन खाऊन सवय होते’ असं उत्तर आलं, तर फी परत मागा आणि दुसरा क्लास शोधा.