विश्लेषण : तारप्याच्या सुरावर डीजेचा ठेका, या गाण्यांची समीक्षा कोण करणार?

लग्नसराई आली की जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यांवर रात्री उशिरापर्यंत स्पीकर वाजतात. त्यातली सगळी गाणी आता हिंदी सिनेमातली नसतात. बरीचशी वारली, कोकणा बोलीतली असतात. कीबोर्डवर तारप्यासारखा सूर काढलेला असतो आणि खाली डीजेचा ठेका. ही गाणी यूट्यूबवर येतात, एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जातात आणि पुढच्या मोसमात त्यांची जागा नवी गाणी घेतात. हा इथला पॉप आहे. एखाद्या नामवंत गायकाचा नवा अल्बम आला तर त्यावर निदान दोन-चार ठिकाणी बरेवाईट लिहिले जाते. या गाण्यांवर जवळपास काहीच लिहिले जात नाही. त्याने बिघडते काय?

तारप्याचे तर कौतुक होते, मग अडचण कुठे?

२०२६च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला जाहीर झालेल्या पद्म पुरस्कारांत जव्हार तालुक्यातील वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव होते. नव्वदी पार केलेल्या या कलावंताला पद्मश्री मिळाल्याचा आनंद सगळ्या जिल्ह्याला झाला. बातम्यांचा भर मात्र बहुतांशी त्यांच्या वयावर, घरच्या परंपरेवर आणि साध्या राहणीवर होता. ते वाजवतात ते ऐकायला कसे लागते, एखादी चाल ते कशी फिरवतात, यावर क्वचितच दोन वाक्ये आली.

चित्रांच्या बाबतीतही हेच झाले आहे. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि मधोमध तारपावाला व भोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे हे चित्र साडीपासून विमानतळाच्या भिंतीपर्यंत पोहोचले. ते पाहून ओळखणारे लाखो असतील, पण त्यातला आवाज कानावर पडला तर ओळखणारे किती? कौतुक करायला ऐकावे लागत नाही, समीक्षेला ऐकावेच लागते. नव्या डीजे गाण्यांच्या वाट्याला तर कौतुकही येत नाही. शिकलेली मंडळी ‘संस्कृती बुडाली’ म्हणतात आणि गाणे बनवणारी पोरे व्ह्यूजचा आकडा दाखवतात.

पॉप-रॉकची समीक्षा नेमके काय करते?

नवा अल्बम ऐकून त्यावर कारणांसह मत देण्याची रीत अमेरिकेत १९६०च्या दशकाअखेर रुजली. ‘रोलिंग स्टोन’ १९६७मध्ये सुरू झाले. रॉबर्ट ख्रिस्तगाऊ १९६९पासून शाळेतल्यासारख्या श्रेणी देऊ लागले. १९९६मध्ये सुरू झालेल्या ‘पिचफोर्क’ने दहापैकी गुण द्यायला घेतले, तेही दशांश चिन्हासह. भारतात ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ १९९३मध्ये निघाले, आणि तेही मुंबईतून नव्हे तर अलाहाबादेतून. ही मंडळी पुष्कळदा सपशेल चुकली. लेड झेपेलिनच्या १९६९मधल्या पहिल्या अल्बमला ‘रोलिंग स्टोन’ने झोडपले होते, आज तो अल्बम अभिजात मानला जातो. पण चुकीच्या परीक्षणातही मुद्दे असतात आणि मुद्द्यांशी भांडता येते. व्ह्यूजच्या आकड्याशी कसे भांडणार?

मराठीत ही परंपरा नव्हती असे नाही. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांवर रोखठोक लिहिले. (नाव आदिवासी धनुर्धराचे, विषय शास्त्रीय गायकांचा, असो.) रागदारीवर, नाट्यपदांवर, भावगीतांवर आपल्याकडे भरपूर लेखन झाले. ‘गारवा’सारखा अल्बम १९९८मध्ये घरोघरी गेला, ‘गुलाबी साडी’ २०२४मध्ये देशभर वाजले. पण अशा गाण्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा कलाकाराची मुलाखत येते, परीक्षण नाही. जव्हार-मोखाड्यातल्या गाण्यांना मुलाखतही मिळत नाही.

गावात परीक्षण होतच नाही का?

होते, आणि फार कडक होते. तारप्याच्या नाचात वादक मध्ये असतो, एकमेकांना धरून साखळी त्याच्याभोवती फिरते आणि नाचणारे तारप्याला पाठ दाखवत नाहीत. चाल बदलली की पाय बदलतात. वादकाचा दम तुटला किंवा चाल रेंगाळली तर साखळी सैल पडते, माणसे बाहेर पडून बसतात. वादकाला त्याच क्षणी निकाल कळतो. मोखाड्याच्या बोहाड्यातही तसेच आहे. मुखवटा घातलेले सोंग संबळ-सनईवर नाचत येते. वाजवणाऱ्याने लय चुकवली तर सोंगाची चाल बिघडते आणि ते सगळ्या गावाला दिसते.

डीजेसमोरही पोरे नाचतात किंवा नाचत नाहीत, तोही निकालच. फरक असा, की तो निकाल गाणे बनवणाऱ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याला कारण चिकटलेले नसते. शिवाय ऐकणारे एका जागी राहिलेले नाहीत. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसईकडे, वीटभट्ट्यांवर कामाला जातात ती होळीला परततात. भट्टीवरच्या झोपडीत फोनवर एकट्याने ऐकलेले गाणे आणि साखळीत नाचलेले गाणे यांची कसोटी एक असू शकत नाही.

तारप्याचा सूर कीबोर्डवर आला की काय बदलते?

इथे थोडे थांबून ऐकायला हवे, कारण सगळी गंमत इथेच आहे. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, असा तारपा बनतो. भोपळ्यात फुंकले की नळ्यांतल्या पात्या थरथरतात. वादक गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर अखंड चालतो. अखंड म्हणजे सपाट मात्र नव्हे. फुंकेचा जोर कमी-जास्त झाला की सूर किंचित चढतो, उतरतो. भोपळ्या-भोपळ्यागणिक आवाज वेगळा. या वाद्याचे सूर हार्मोनियमच्या पट्ट्यांत नेमके बसत नाहीत, आणि बसावेत अशी त्याची इच्छाही नसते.

कीबोर्ड याच्या उलट. त्याचे सूर ठरलेले आणि सम अंतरावरचे. त्यावर सनई किंवा पुंगीसारखा ध्वनी निवडून तारप्याची चाल वाजवली की ती ओळखता येते, पण त्यातली थरथर गेलेली असते. म्हणून ते वाईटच, असे म्हणण्यात अर्थ नाही. चांगला वादक सुराची पट्टी हलवणाऱ्या चाकावर बोट ठेवून तो चढ-उतार बऱ्यापैकी उभा करतो. आळशी वादक एकदा भरलेला तुकडा चार मिनिटे फिरवत ठेवतो. दोघांच्या व्हिडिओखाली आकडे सारखे असू शकतात. कानाला फरक पहिल्या मिनिटात कळतो, आणि तो शब्दांत सांगणे हे समीक्षकाचे काम.

दुसरा बदल लयीचा. तारपावाला साखळीकडे बघून वेग वाढवतो, म्हातारी माणसे नाचात असतील तर आवरतो. संगणकावरचा ठेका मात्र सुरुवातीला ठरलेल्या वेगावर शेवटपर्यंत तसाच पळतो. काही नव्या गाण्यांत मध्येच ठेका थांबवून नुसता तारप्याचा सूर सोडतात आणि मग सगळे वाद्य एकदम कोसळते. ही युक्ती परदेशी डान्स म्युझिकची खरी. पण तारप्याच्या अखंड सुरावर ती इतकी चपखल बसते की ती इथे आली यात नवल नाही. माझ्या मते या गाण्यांतला सर्वांत ताजा भाग हाच. सर्वांत कच्चा भाग शब्दांचा. बोलीत सुरू झालेले गाणे दुसऱ्या कडव्यात ठरावीक हिंदी-मराठी प्रेमगीताच्या शब्दांवर येते. लग्नात धवलेरी ज्या बारकाईने विधींची गाणी म्हणतात, तिच्या पासंगालाही ते पुरत नाही.

आणि मोसमाचे काय? भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ तारप्याचा. रेकॉर्ड झालेला तारपा मे महिन्यात वाजतो, गणपतीत वाजतो. ज्येष्ठांना ते खटकते. ही तक्रार जुनाट म्हणून उडवून लावण्याजोगी नाही, कारण चाल कशासाठी आहे हा संगीताचाच प्रश्न आहे.

नाव आणि पैसे कोणाला मिळतात?

परीक्षण नसण्याची किंमत इथे दिसते. १९७०च्या सुमारास ह्यूगो झेम्प या अभ्यासकाने सॉलोमन बेटांवर अफुनाक्वा नावाच्या बाईची अंगाई ध्वनिमुद्रित केली. १९९२मध्ये ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडीने तो आवाज डान्सच्या ठेक्यावर बसवला, अल्बम जगभर खपला. ऐकणाऱ्यांनी तो आवाज आफ्रिकेतल्या पिग्मींचा समजला. पुढे यान गार्बारेक या नावाजलेल्या सॅक्सोफोनवादकाने तीच चाल ‘पिग्मी अंगाई’ म्हणून वाजवली. झेम्प यांनी आक्षेप घेतला, वाद झाला. पण अंगाई कोणाची हे अल्बम हातात घेऊन आधीच विचारायला हवे होते.

आपल्याकडे कायदा काही प्रमाणात साथ देतो. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा पक्का झाला आणि सादर करणाऱ्या कलाकाराला आपले नाव लावून घेण्याचा हक्क मिळाला. पारंपरिक चालीची मालकी मात्र कोणा एकाची नसते. त्यामुळे पाड्यावर मोबाइलने टिपलेले वादन कोणी गाण्यात वापरून आपल्या नावाने नोंदवले, तर यूट्यूबची आपोआप तपासणारी यंत्रणा उद्या मूळ वादकाच्याच व्हिडिओवर दावा लावू शकते. पैशांचे गणितही लहान कलाकाराच्या बाजूचे नाही. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळवायचा प्रचलित मार्ग म्हणजे हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहणे. स्पॉटिफायने २०२४पासून वर्षात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला मोबदला देणे थांबवले.

मग लिहायचे कशाच्या आधारावर?

इंग्रजी मासिकांचे साचे इथे फारसे कामाचे नाहीत. अल्बम, गायक आणि एकटा श्रोता ही त्यांची गृहीतकेच इथे लागू होत नाहीत. अशोक दा. रानडे यांनी आपल्या संगीताचे आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम असे सहा प्रकार मांडले. तारपा-डीजेचे गाणे यातल्या तिघांत एकदम पाय ठेवून उभे असते: मूळ आदिम, बाजार जनसंगीताचा, घडण संगमाची. कुठल्या पायावर भार आहे हे प्रत्येक गाण्यागणिक तपासता येते. तारपा खरा आहे की कीबोर्डवरचा? खरा असेल तर वादकाचे आणि गावाचे नाव व्हिडिओखाली आहे का? चाल दिवाळीच्या नाचाची आहे की लग्नाची? त्यावर साखळी धरता येते, की फक्त उड्या मारता येतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणारे जाणकार वाळवंड्यात, खोडाळ्यात, सूर्यमाळला आजही आहेत. त्यांच्याकडे हेडफोन नेऊन गाणे ऐकवायला आणि ते जे म्हणतील ते लिहून घ्यायला एखादी दुपार पुरते.